गणितात पंच्याण्णव, व्यवहारात भोपळा!

२०२२ सालातला दिवाळीचा पाडवा. सकाळचा फराळ उरकून मी ओसरीवर एक दिवाळी अंक चाळत बसलो होतो. फाटक वाजले. वर पाहतो तो आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी! २०१९ च्या मार्चमध्ये दहावी झालेला; गणितात शंभरापैकी पंच्याण्णव गुण मिळवणारा; मी फळ्यावर उदाहरण लिहून पाठ फिरवावी, तोच "सर, झालं!" म्हणून वही पुढे करणारा. अशी मुले शिक्षकाच्या चांगलीच लक्षात राहतात.

त्याने वाकून नमस्कार केला. पण चेहरा पार उतरलेला. आमच्या सौभाग्यवतींनी पुढे केलेल्या ताटलीतली चकलीसुद्धा त्याने नुसती हातात धरून ठेवली. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. अखेर मीच म्हटले, "काय रे, काही अडचण आहे का?"

मग धरण फुटावे तसा तो बोलू लागला. बारावीनंतर एका गोदामात अकरा हजारांची नोकरी लागली. पहिल्या दोन पगारांच्या जोरावर अठरा हजारांचा मोबाइल हप्त्याने घेतला. पुढे जादा कामाचे पैसे बंद झाले. हप्ता मात्र बंद होईना. तेवढ्यात त्याच मोबाइलवर एका ॲपची जाहिरात झळकली : 'कागदपत्रांची कटकट नाही, पाच मिनिटांत कर्ज!' पाच हजारांचे कर्ज मागितले, खात्यात पडले साडेतीन हजार. दीड हजार 'प्रक्रिया शुल्क' म्हणून आधीच कापलेले. आणि सातव्या दिवशी परत करायचे ते मात्र पुरते पाच हजार! ते फेडायला दुसरे ॲप, दुसऱ्याचे फेडायला तिसरे. चार महिन्यांत सात ॲपे झाली. हातात आले ते एकंदर तीस हजारांच्या आसपास. भरले सहासष्ट हजार. आणि तरीही बाकी शिल्लकच होती.

"मग फोन सुरू झाले, सर. मला नव्हे, माझ्या मोबाइलमधले जेवढे नंबर होते तेवढ्यांना! मामाला केला, गल्लीतल्या किराणा दुकानदाराला केला, ताईच्या सासरी केला. 'हा चोर आहे' म्हणून सांगितलं. शेवटी आईनं गळ्यातली पोत गहाण ठेवली."

मी सुन्न होऊन ऐकत होतो. निघताना तो जे बोलला, ते मात्र आजतागायत माझ्या मनातून गेलेले नाही.

"सर, चक्रवाढ व्याजाची सगळी उदाहरणं मला येत होती हो. पण त्या उदाहरणांतला तो 'एक मनुष्य' म्हणजे आपणच, असं कधी वाटलंच नाही!"

वाचकहो, तीस वर्षे गणित शिकवून मी नोकरीच्या अखेरच्या टप्प्यावर आलो होतो. त्या दिवशी मला प्रथमच वाटले की, या मुलाला पंच्याण्णव गुण देणारा मीच परीक्षेत नापास झालो आहे.

पंतोजींना जे कळत होते

तसे पाहिले तर आपल्याकडे व्यवहाराचे शिक्षण नव्हते असे मुळीच नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घ्यावी लागे. आज आपण त्याची थट्टा करतो. पण ही सारी घोकंपट्टी कशासाठी होती? सव्वा आणे शेराने साडेतीन शेर घेतले तर दुकानदाराला काय द्यायचे, हे पोराला उभ्या उभ्या सांगता यावे म्हणून! रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, असे ते चलन होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आकडेमोड सोपी झाली आणि ते पाढे अडगळीत गेले. जायलाच हवे होते. पण त्या पाढ्यांबरोबर, शाळेतला हिशेब बाजारातल्या हिशेबासाठी असतो ही जाणीवही नकळत अडगळीत गेली. व्यापाऱ्याच्या मुलाला रोजकीर्द आणि खतावणी घरीच कळे. बाकीच्यांनी ती कोठे शिकायची?

आता कोणी म्हणेल, "मास्तर, पाठ्यपुस्तकात धडा नाही काय?" आहे ना! आपल्या राज्य मंडळाच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकातही त्याच नावाचे प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक आणि आयकर. दहावीत जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड. प्रकरणे चांगली आहेत. ज्यांनी ती घातली त्यांना धन्यवादच द्यायला हवेत.

पण आम्ही ती शिकवतो कशी? शेअरचे दर्शनी मूल्य शंभर, बाजारभाव एकशे वीस, दलाली इतके टक्के. काढा उत्तर, द्या गुण, चला पुढच्या प्रकरणाकडे! माझ्या या विद्यार्थ्याने त्या प्रकरणावरचे सर्व प्रश्न अचूक सोडवले होते. आणि चारच वर्षांत तो आईची पोत गहाण ठेवून बसला होता.

२०१९ साली राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने देशभर एक पाहणी केली. पैशाच्या व्यवहाराचे पुरेसे ज्ञान, सवय आणि दृष्टी असलेले लोक तीत शेकडा २७ च निघाले. म्हणजे चारांतले तीन जण चाचपडत चाललेले! तेव्हा दोष केवळ त्या पोराचा म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता.

पहिल्याच तासाला माझी चूक

दिवाळीची सुटी संपताच मी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटले, "नववीच्या वर्गाचा शनिवारचा शेवटचा तास मला द्या. मी हिशेब शिकवणार आहे."

"किती गुणांना येणार, सर?" त्यांनी विचारले.

"परीक्षेला येणार नाही."

मुख्याध्यापक हसले, पण भला गृहस्थ, तास दिला.

उत्साहाच्या भरात मी पहिल्याच तासाला मोठी चूक केली. मुलांना सांगितले, "आठवडाभर आपापल्या घरची रोजकीर्द लिहून आणा. आले किती, गेले किती, कशावर गेले." पुढच्या शनिवारी वह्या आल्या. काही नीटनेटक्या, काही वडिलांच्या हातच्या! एका मुलीची वही मात्र कोरीच. मी जरा जोरातच विचारले. ती खाली मान घालून उभी राहिली. तास संपल्यावर एकटीच मागे थांबली आणि म्हणाली, "सर, बाबांचे पैसे कुठं जातात ते मला माहीत आहे. पण ते वहीत कसं लिहू?"

माझ्या कानशिलात बसावी तसे झाले. घराचा हिशेब म्हणजे घराची अब्रू. ती चाळीस मुलांपुढे उघडी करायला सांगण्याचा मला काय अधिकार होता? शिक्षकबंधूंना माझे पहिले सांगणे हेच की, पैशाचे धडे द्यायचे तर कोणाच्याही घरात डोकावू नका. गरिबी, व्यसन, कर्ज या गोष्टी मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. त्यांची जाहीर वाच्यता त्यांना नको असते.

वर्गात उभे राहिलेले घर

मग आम्ही वर्गातच एक घर कल्पिले. वडील साखर कारखान्यात, पगार अठरा हजार. आई शिवणकाम करते, मिळकत चार हजार. दोन मुले आणि एक आजी. भाडे, किराणा, गॅस, वीज, शाळा, औषधपाणी यांचे अंदाजपत्रक मुलांनीच मांडले. बावीस हजारांचा मेळ घालता घालता पहिल्या शनिवारी वर्गाला घाम फुटला. सर्व खर्च भागवून उरेल ती बचत, असे ठरले होते, उरले शून्य! तेव्हा एका मुलाने सुचवले, "सर, बचतच आधी वरती लिहूया आणि उरलेल्यात भागवूया." मोठमोठे अर्थसल्लागार जे सांगण्याची फी घेतात, ते आमच्या मागच्या बाकावरच्या पोराने फुकट सांगितले.

पुढच्या शनिवारपासून मी एका डब्यात चिठ्ठ्या घालून आणू लागलो. दर शनिवारी एकाने चिठ्ठी उचलायची. 'आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन.' 'मामाच्या घरी लग्न.' 'वादळात पत्रा उडाला.' 'कारखान्याचा हंगाम संपला, पगार निम्मा.' वर्गाने चर्चा करून निर्णय घ्यायचा आणि तो फळ्यावरच्या खतावणीत चढवायचा. पैसे कोठून आणायचे? बचत मोडायची, दागिना गहाण टाकायचा, कर्ज काढायचे की लग्नातला आहेर कमी करायचा? त्या आहेराच्या प्रश्नावर तर वर्गात जुंपलीच! "लोक काय म्हणतील?" आणि "लोक हप्ता भरायला येणार आहेत काय?" असे दोन तट पडले. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मी कितीदा तरी शिकवली असेन. तिचा अर्थ मुलांना त्या दिवशी कळला.

एका शनिवारी एक मुलगी तटकन उठली. "सर, प्रत्येक वेळी आपण 'वडिलांनी ठरवलं' असंच लिहितो. चार हजार आई मिळवते ना? मग आईला कोणीच का विचारत नाही?" वर्ग चिडीचूप. त्या दिवसापासून आमच्या कल्पित घरात निर्णयाखाली दोघांच्या सह्या होऊ लागल्या.

आयांचा विषय निघाला तेव्हा भिशीचाही निघाला. बारा बायका, महिना हजार, दरमहा एकीला बारा हजार. मुलांनी हिशेब केला : जिचा नंबर पहिला, तिला बिनव्याजी कर्ज मिळाले, जिचा शेवटी, तिने बिनव्याजी बचत केली. "मग शेवटची बाई भिशी सोडत का नाही?" मी विचारले. "घरात ठेवले तर खर्च होतात, सर. भिशीत ठेवले तर उरतात!" एका पोरीचे उत्तर. "आणि कोणी पैसे उचलून गाव सोडलं तर?" दुसरीची शंका. बचतीची शिस्त, विश्वास आणि जोखीम या तिन्ही गोष्टी आयांच्या भिशीतूनच मुलांना उमगल्या.

एक व्याज, दोन तोंडे

यानंतर व्याजाकडे वळलो. व्याज हे दुतोंडी आहे. आपल्या बाजूने चालले तर चाकरी करते, उलटले तर धनी होऊन बसते. दोन्ही तोंडे मुलांना दाखवली पाहिजेत.

प्रथम चांगले तोंड. एक बहीण विसाव्या वर्षापासून दरसाल बारा हजार, म्हणजे महिन्याचे हजार, बाजूला टाकते आणि दहा वर्षांनी थांबते. भाऊ तिसाव्या वर्षी जागा होतो आणि साठाव्या वर्षापर्यंत, तीस वर्षे, तेवढेच टाकतो. दोघांनाही दरसाल शेकडा आठ मिळाले असे धरू. बहिणीने घातले एक लाख वीस हजार, भावाने तीन लाख साठ हजार. साठाव्या वर्षी कोणाचे जास्त? सारा वर्ग "भावाचे!" म्हणून ओरडला. हिशेब केला तर भावाचे सुमारे साडेतेरा लाख आणि बहिणीचे सुमारे साडेसतरा लाख! पोरांचा विश्वास बसेना. तीनदा गुणाकार तपासले. यात जादू कसली नाही. बहिणीच्या पैशाला वाढायला काळ अधिक मिळाला, इतकेच.

पण येथेच थांबलो असतो तर ती फसवणूक झाली असती. म्हणून दुसऱ्याच आठवड्याला महागाई आणली. बहात्तराला दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात. आठ टक्क्यांनी पैसा नऊ वर्षांत दुप्पट. तसेच सहा टक्क्यांनी महागाई बारा वर्षांत दुप्पट. ती साडेसतरा लाखांची रास दिसते तेवढी मोठी नसते, हेही मुलांना कळायलाच हवे.

आता वाईट तोंड. बारा हजारांची वस्तू, बारा हप्ते, व्याज 'फक्त शेकडा बारा'. दुकानदार सांगतो : व्याज झाले १,४४०, हप्ता १,१२०. ऐकायला सोपे. पण मुलांना मी विचारले, "बारा हजार आपण वर्षभर वापरतो का?" नाही. दरमहा हजार मुद्दल फिटत जाते. पहिल्या महिन्यात बारा हजार देणे, शेवटच्या महिन्यात हजार. सरासरी काढली तर साडेसहा हजार. साडेसहा हजारांवर १,४४० व्याज म्हणजे शेकडा बावीसच्या वर! जाहिरातीतले बारा फळ्यावर बावीस झाले तेव्हा एक पोरगा पुटपुटला, "आमच्या दादाच्या गाडीला असंच केलं असणार."

आणि मग ते ॲपचे कर्ज, कोणाचे नाव न घेता. साडेतीन हजारांवर सात दिवसांत दीड हजार, म्हणजे आठवड्याला शेकडा सुमारे त्रेचाळीस. वर्षाला सरळव्याजानेच शेकडा २,२०० च्या वर! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये या धंद्याला नियम घातले. कर्जाचा खरा वार्षिक दर आणि अटी आधी लिहून द्याव्यात, आणि कर्जदाराच्या मोबाइलमधली नावे-नंबर चाळू नयेत, असे त्यांत आहे. नियम चांगलेच आहेत. पण नियम न पाळणारा तुमच्या मोबाइलमध्ये शिरला, तर राखण करणारे पहिले माणूस तुम्हीच.

दामदुपटाची उलटी गोष्ट

सावकारीचा विषय निघाल्यावर इतिहास कसा वगळणार? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. पुढे १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. ज्या कागदावर अंगठा उठवला तो वाचता येत नव्हता, हेही त्या शेतकऱ्यांचे एक मोठे दुःख होते. आजच्या पोराला वाचता येते. पण मोबाइलच्या पडद्यावरच्या बारीक अक्षरांतल्या अटी न वाचताच तो 'मान्य' वर बोट टेकवतो. अंगठा तो अंगठाच!

जुन्या हिंदू कायद्यात 'दामदुपट' नावाचा एक सुरेख नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. म्हणजे ऋणकोचे रक्षण करणारा हा शब्द. आणि आज? आज 'दामदुप्पट' म्हटले की आठवते ती 'शंभर दिवसांत पैसे दुप्पट' म्हणून गावोगाव निघणारी योजना. ज्या शब्दाने गरिबाला वाचवले, तोच त्याला बुडवायला निघाला!

या योजनांचा हिशेब मी मुलांनाच करायला लावला. हजार रुपये दर शंभर दिवसांनी दुप्पट होत गेले तर तीन वर्षांत किती? अकरा वेळा दुप्पट केले : वीस लाख अठ्ठेचाळीस हजार! "मग हा मनुष्य स्वतःचेच हजार रुपये घेऊन घरी का बसत नाही? तो तुमच्या दारी कशाला येतो?" या एका प्रश्नाने जे काम होते, ते दहा व्याख्यानांनी होत नाही. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या इसमाने पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफ्याचे आमिष दाखवून हजारो लोकांना गंडवले. नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्याला 'नफा' म्हणून द्यायचे, एवढीच त्याची युक्ती. शंभर वर्षे झाली, युक्ती तीच आहे. फक्त पाटी बदलते.

मोठी पोरे हल्ली आणखी एका मार्गाला लागलेली दिसतात. कोणा चमकोचे चित्रफितीवरचे भाषण ऐकून ती 'ऑप्शन'च्या गोष्टी करतात. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजारातल्या वायदे-व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी शेकडा ९३ जणांना तोटा झाला, आणि एकंदर तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. हा आकडा मी वर्गात मोठ्या अक्षरांत लावून ठेवला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदाच केला.

सही, पिन आणि पतपेढी

काही गोष्टी मात्र चर्चेच्या नसतात. त्या पाढ्यांसारख्या पाठच हव्यात. आम्ही त्या पाठ केल्या.

एक : पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयवर पिन टाकला म्हणजे पैसे गेले. 'तुम्हाला पैसे येणार आहेत, पिन टाका' असे म्हणणारा भामटाच. फसवणूक झालीच, तर रडत बसण्यापूर्वी १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर, तितका बरा.

दोन : जामीन राहणे म्हणजे मित्रासाठी नुसती सही करणे नव्हे. आपल्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारा सरळ तुमच्या दारात येऊ शकतो. तेव्हा जे कर्ज आपल्याला फेडण्याची ताकद व तयारी नाही, त्यावर सही नाही.

तीन : पैसा कोठे ठेवला आहे ते ओळखावे. १९६० मध्ये केरळातली पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, ठेवीदार हवालदिल झाले, आणि १९६२ पासून देशात ठेवविमा सुरू झाला. तेव्हा विम्याची मर्यादा दीड हजार रुपये होती. २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल-व्याज धरून पाच लाख आहे. पण हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. बँक आणि पतसंस्था यांतला हा फरक पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एकालाही सांगता आला नाही. खरे सांगू? शिक्षकांच्या खोलीतही फारसा कोणाला सांगता आला नाही!

चार : मुलाला खाते हवे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः बचत खाते उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली आणि २०२५ मध्ये ती नव्याने सांगितली. पूर्वी पुष्कळ शाळांतून 'संचयिका' नावाची मुलांची बँक चालत असे. मुलेच खजिनदार, मुलेच कारकून. आठ-चार आणे भरताना मिळणारे ते छोटे पुस्तक ज्यांनी जपले, त्यांना त्याची किंमत विचारावी.

हे सारे टिकते का?

यावर शंका घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची शंका रास्त आहे. एक शिक्षकमित्र मला म्हणाले, "ज्यांच्या घरी पैसाच नाही त्यांना पैशाचं शिक्षण काय देता? आधी मजुरी वाढू द्या." मजुरी वाढली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण बाजारात सर्वांत महाग पैसा कोण घेतो? ज्याच्याजवळ काहीच नाही तो. श्रीमंताची चूक त्याच्या शिलकेतून जाते. गरिबाची चूक त्याच्या ताटातून जाते.

दुसरी शंका अभ्यासकांची. २०१४ मध्ये अमेरिकेत दोनशेवर संशोधनांचा एक आढावा निघाला. त्याचे सार असे की, अशा शिक्षणाचा प्रत्यक्ष वागणुकीवर होणारा परिणाम फारच थोडा आणि काळ जाईल तसा विरत जाणारा. याउलट ब्राझीलमध्ये २०१०-११ च्या सुमारास सुमारे नऊशे माध्यमिक शाळांतल्या पंचवीस हजार विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. तेथे मुलांचे ज्ञान व बचत वाढली. इतकेच नव्हे, तर मुलांबरोबर आईबापांचेही ज्ञान वाढले. पण गंमत अशी की, शिकलेली ही मुले महागड्या उधारीवर वस्तू घेण्याकडेही अधिक वळलेली आढळली! म्हणजे, हप्त्याचे गणित आले म्हणून हप्त्याचा मोह जातो असे नाही. माझ्या पंच्याण्णव गुणांच्या विद्यार्थ्याने मला हेच सांगितले नव्हते काय?

म्हणूनच माझा आग्रह असा आहे की, हे शिक्षण एका धड्यात उरकू नये. ते पैसा हाताशी येण्याच्या वेळी, पुन्हा पुन्हा आणि करून पाहण्याच्या रीतीने दिले जावे. नववीत रोजकीर्द, दहावीत व्याज आणि हप्ता, अकरावी-बारावीत करार, विमा, कर आणि पहिला पगार. सूत्रे विसरली जातात. निर्णय घेण्यापूर्वी थांबून कागद-पेन्सिल घेण्याची सवय लागली तर ती राहते.

पाडव्याची वही

तो तास मी निवृत्त होईपर्यंत, २०२५ पर्यंत, चालवला. पुढे काय झाले, मुलांचे कल्याण झाले की नाही, हे सांगायला अजून अवकाश आहे. आणि मास्तराने आपल्या पिकाची फुशारकी मारू नये. एवढे सांगतो की, दुसऱ्या वर्षी एका शनिवारी मी त्या जुन्या विद्यार्थ्याला वर्गात बोलावले. यायला तो तयार नव्हता. मी म्हटले, "तुझी इच्छा असेल तरच ये. पण मी तीस वर्षांत जे शिकवू शकलो नाही, ते तू अर्ध्या तासात शिकवशील."

तो आला. फळ्यावर त्याने फक्त दोनच आकडे लिहिले : ३०,००० आणि ६६,०००. आणि म्हणाला, "यातला वरचा आकडा मी घेतला होता. खालचा आईने फेडला." मग त्याने सगळी हकिगत सांगितली, काहीही न लपवता. पोरे श्वास रोखून ऐकत होती. शेवटी एका मुलाने विचारले, "दादा, पोत सुटली का?"

"सुटली," तो म्हणाला. "दीड वर्ष लागलं. रोज रात्री वही लिहायचो."

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते आणि पाडव्याला व्यापारी नव्या वहीचे पहिले पान उघडतो. ज्या समाजाने हिशेबाच्या वहीला लक्ष्मीच्या शेजारी बसवले, त्याच समाजातली मुले हिशेबावाचून संसारात पडावीत, हे काही आपल्याला शोभत नाही. यंदा फटाक्यांच्या पुडक्याबरोबर आपल्या मुलामुलींसाठी एक साधी रेघांची वही आणा. पहिल्या पानावर कुंकवाचे बोट लावा आणि तिला थोडे का होईना, तिचे स्वतःचे पैसे द्या. वही तपासू नका, रागावू नका. महिनाअखेर मुलांनी आपण होऊन दाखवली तर कौतुकाने पाहा. आणि जमल्यास शेजारी बसून आपलीही एक उघडा.

कारण खरी गोष्ट अशी आहे, वाचकहो, की तो 'एक मनुष्य' गणिताच्या पुस्तकात कधीच राहत नव्हता. तो आपल्याच घरात राहतो.